विहिरीच्या शेताचा फेर

मी लहानपणापासून तिखट जिभेची. आई म्हणायची, बाकीची पोरं जन्मल्यावर रडतात, ही भांडली. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यात मधेमधे माझा राग दिसेल, तो तसाच असू द्या. इतकी वर्षं झाली तरी तो पुरता गेलेला नाही, आणि जावा असं मलाही वाटत नाही.

आमचं गाव तापीच्या काठी. पहाटे बैलगाडी जुंपली की न्याहारीच्या वेळेला बुऱ्हाणपूर. शहरात लोधीपुऱ्यात माझी आत्या राहायची, आणि तिच्याकडे राहून मी शाळा शिकत होते. आमच्या गावातली शहरात शिकायला गेलेली पहिली पोरगी मीच, आणि हे मी कोणाला विसरू देत नसे. सुट्टीत घरी आले की बायका चुलीपुढे बसवून विचारायच्या, "काय वं, शहरात काय शिकवतात?" मी मुद्दाम हिंदीतून उत्तर द्यायची. आई कपाळावर हात मारून घ्यायची.

माझ्या वडिलांना मी दादा म्हणायची. त्यांचे थोरले भाऊ ते मोठे बाबा. दोन्ही घरं भिंतीला भिंत लावून. दोघांमध्ये शेतं दोन. एक नदीच्या अंगाला, काळं, विहिरीचं. दुसरं गावामागे चढावर, बरड, पावसावर जगणारं. विहिरीच्या शेतात केळी व्हायची, बरडावर कापूस आला तर आला. आता ही दोन शेतं दोघा भावांत वाटायची कशी? ज्याला विहीर मिळेल तो हसेल आणि ज्याला बरड मिळेल तो आयुष्यभर आभाळाकडे बघत बसेल. म्हणून आमच्या गावात नदीकाठच्या शेतांची वाटणी कोणी कधी केलीच नाही. आमच्यात फेर होता.

फेर म्हणजे असं. तीन वर्षं एका भावाने विहिरीचं शेत वहायचं, म्हणजे कसायचं, तीन वर्षं दुसऱ्याने. केळीचे तीन बहर निघाले की जमीनही दमते, तिला नांगरून उलटीपालटी करावी लागते. ते झालं की तिसऱ्या वर्षाच्या आखाजीला अदलाबदल, सगळ्या काठाची एकाच वर्षी. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे सगळ्यांत मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, सालदार नवं साल धरतात. त्या सकाळी निघणारा भाऊ येणाऱ्या भावाला बांधावरून फिरवायचा, विहिरीतून पहिली मोट स्वतः ओढून द्यायचा, आणि निवडून ठेवलेले केळीचे कंद त्याच्या हवाली करायचा. कंद चांगलेच द्यायचे. कोणी कुजके कंद दिले तर गावात त्याची छी थू व्हायची.

आणि एक रीत याहून नाजूक होती. ज्या वर्षी फेर असेल त्या वर्षी पाडव्यापासून आखाजीपर्यंत, निघणाऱ्याने त्या शेताला 'माझं' म्हणायचं नाही. कष्ट करायचे, बांध घालायचे, विहिरीतला गाळ काढायचा, पण कोणी विचारलं तर भावाचं नाव घ्यायचं. महिनाभर आधीच मन काढून घ्यायचं, म्हणजे आखाजीला देताना हात आखडत नाही. माझ्या आजीच्या आजीपासून हे चालत आलेलं. त्या महिन्यात चुकून 'माझं' म्हणणाऱ्या माणसाला पोरंसोरंसुद्धा चिडवायची. मोठे बाबा तर इतके सोवळे की पाडव्याच्या सकाळपासून "धाकल्याच्या शेतात जाऊन येतो" असं म्हणूनच घरातून निघायचे.

मी सांगते ते वर्ष आमच्या पाळीचं होतं. तीन वर्षं दादांनी बरड वाहिलं होतं आणि त्यातली दोन वर्षं पाऊस रुसलेला. आई जुन्या लुगड्यांना ठिगळं लावत दिवस मोजत होती. तोंडाने काही म्हणत नव्हती. मला मात्र दादांनी साफ सांगितलं होतं, "बाई, विहिरीचं शेत आलं की तुझी पुढची तीन वर्षं शाळा पक्की. नाही आलं तर मग आत्याला किती दिवस ताप द्यायचा?" दादा मला बाईच म्हणायचे, मी एवढीशी असल्यापासून. तर माझं सगळं पुढचं आयुष्य त्या आखाजीवर टांगलेलं होतं.

ती वर्षं राज्यं जोडण्याची होती. आधी सरकारसाठी शेतसारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची मालगुजारी गेली, मग नागपूरचा कारभार उठून भोपाळला गेला, आणि एक दिवस आम्ही नव्या मध्यप्रदेशात आहोत असं चावडीवर वाचून दाखवलं. गावाने मान डोलावली आणि सगळे आपापल्या कामाला गेले. पण साहेब बदलले. जुने साहेब आमची बोली बोलायचे, नवे कुठून कुठून वरून यायचे. मालगुजाराच्या जुन्या वहीत तर अजून आमच्या पणजोबाचंच नाव होतं. ते बदलायला हवं असं कोणाला कधी वाटलंच नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं की शेत कोणाचं.

त्यातच सुतगिरणीची बातमी आली. नदीचं पाणी आणि जवळच रेल्वे, म्हणून गिरणीवाल्यांना आमचा काठ पसंत पडला होता. सगळी विहिरींची शेतं, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. गावातल्या काही जवान पोरांना आनंदही झाला, खोटं कशाला सांगू. पगार मिळेल, वीज येईल. बदल्यात धूलकोटकडे डोंगराच्या पायथ्याला जमीन देऊ, असंही कोणी कोणी सांगत होतं. दादा मुद्दाम जाऊन ती जमीन बघून आले. आले ते पाय धुऊन ओट्यावर बसले. आईने विचारलं, कशी आहे? म्हणाले, "दगड आहेत, पण दगडाचं काही नाही, दगड उचलता येतात. तिथं आधीच माणसं राबताहेत. त्यांना उठवून आपण बसायचं का?" त्यानंतर आमच्या घरात धूलकोटचं नाव निघालं नाही.

पाडवा झाला. माझी परीक्षा आटोपली होती आणि मी घरी आले होते. चौथ्या की पाचव्या दिवशी मोजणीचे साहेब आले, साखळी घेऊन, बरोबर दोन माणसं. साहेब तरुण होते, बोलायला गोड, पण आमची बोली त्यांना कळेना आणि त्यांची कचेरीतली हिंदी गावाला कळेना. बाजाराची हिंदी सगळ्यांना यायची, भाव करता यायचा, पण 'स्वामित्व' आणि 'आधिपत्य' म्हणजे काय ते कोणाला ठाऊक? तेव्हा कोणीतरी म्हणालं, "ती पोरगी आहे ना शहरात शिकणारी, तिला बोलवा." झालं. मी वेणी घट्ट केली आणि साहेबांच्या पुढे पुढे चालू लागले.

पहिलं शेत आमचंच. मोठे बाबा विहिरीपाशी उभे होते, गुडघ्यापर्यंत गाळ लागलेला. साहेबांनी विचारलं, "पूछो, यह खेत इनका है?" मी विचारलं. मोठे बाबा हसले आणि म्हणाले, "नाही बा, माझं कुठलं. धाकल्याचं आहे." साहेबांनी लिहिलं. मग आम्ही चढावर दादांकडे गेलो. साहेब म्हणाले, "वह नीचेवाला खेत आपका है?" दादा विचारात पडले. फेर अजून झाला नव्हता, आखाजीआधी येणाऱ्यानेही हक्क सांगायचा नसतो. म्हणाले, "अजून नाही, साहेब." मी तेही जसंच्या तसं सांगितलं, ठणठणीत आवाजात. "जी नहीं, अभी इनका नहीं है."

आणि असंच सगळ्या काठाने. जो जो शेतात उभा होता त्याने त्याने मान हलवून सांगितलं, माझं नाही. कोणी भावाकडे बोट दाखवलं, कोणी चुलत्याकडे, आणि ज्याच्याकडे बोट दाखवलं तोही म्हणाला, अजून नाही. कोणाच्या मनात पापाचा लवलेश नव्हता. रीत पाळत होते बिचारे. साहेब मात्र गोंधळून गेले, आणि शेवटी तर त्यांनी विचारणंही सोडलं, नुसतं लिहीत सुटले. एकदा माझ्या मनात आलं की साहेबांना फेराचं सांगावं. पण मग वाटलं, ह्यांना ही गावंढळ गोष्ट काय सांगायची, हसतील. मला लाज वाटली. माझ्या त्या लाजेचा मला आजही राग येतो.

आठवड्याने चावडीवर नोटीस लागली. ती वाचायलाही मलाच नेलं. नदीकाठच्या जमिनीवर कोणीही मालकी सांगितली नाही, सबब ती सरकारी धरून गिरणीला देण्यात येत आहे, कोणाची हरकत असेल तर अमुक दिवशी बुऱ्हाणपूरच्या कचेरीत हजर व्हावं. दिवस आखाजीच्या दोन दिवस आधीचा. माझ्या मागे सगळं गाव उभं होतं आणि कोणी मला एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. घरी येऊन मी कोठीत धान्याच्या पोत्यांमागे बसून रडले. दादा आत आले, माझ्याजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "अगं बाई, तू काय केलंस? आम्ही जे बोललो तेच तू सांगितलंस. चल, भाकर खा." मी म्हणाले, नाही खात जा. मग तेही नाही जेवले, आणि आई दोघांवरही खेकसली.

दुसऱ्या दिवशी दादा, मोठे बाबा आणि मी गाडीने लोधीपुऱ्यात आत्याकडे गेलो. आत्या दोघांची मधली बहीण, दोघांनाही दम देऊ शकणारी एकटीच. तिने आम्हाला कचेरीबाहेर बसणाऱ्या एका अर्ज लिहिणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलं. त्याने सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे तुमच्या गावात एकही माणूस स्वतःच्या शेताला माझं म्हणाला नाही?"

"पाडव्यानंतर कसं म्हणणार?" मोठे बाबा म्हणाले.

"अहो, चाळीस वर्षं मी इथं बसतो. दुसऱ्याच्या शेताला माझं म्हणणारे रोज बघतो." तो हसला, पण मग त्याने नीट समजावलं. दोघांची नावं लावायची तर वारसाचे कागद, वाटणीचे कागद, कोर्ट, त्यात वर्षं जातील आणि तोवर गिरणीची भिंत उभी राहील. आत्ता साहेब एवढंच बघतील की शेतात आज उभा कोण आहे, आणि तो छातीवर हात ठेवून माझं म्हणतो की नाही. म्हटलं तर त्याचं नाव चढेल आणि शेत वाचेल. पण त्या एकाचंच नाव चढेल, आणि कायमचं.

आज उभे होते मोठे बाबा. आणि आखाजी हरकतीच्या दिवसाच्याही दोन दिवस पुढे होती.

परतताना गाडीत मी मनात हिशेब करत होते आणि तो प्रत्येक वेळी तिथंच येऊन थांबत होता. शेत वाचलं तर मोठ्या बाबांचं. आमच्या वाट्याला बरड, मरेपर्यंत. माझी शाळा संपली. मोठ्या बाबांचा काही दोष नव्हता हे मला कळत होतं, तरी मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. त्यांनी मला दोनदा विचारलं, "पोरी, ऊन लागतंय का?" मी उत्तर दिलं नाही.

गावात मग जी तालीम सुरू झाली ती आठवली की हसूही येतं आणि वाईटही वाटतं. प्रत्येक घरात पुरुष माणसं 'माझं' म्हणायचा सराव करत होती. बायका साहेब व्हायच्या. मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, कमरेवर हात ठेवून विचारायची, "बोलो, किसका खेत?" आणि मोठे बाबा तोंड उघडायचे, मिटायचे, पाणी मागायचे. "अव माय, नुसतं एक शब्द म्हणायचा आहे, बाळंतपण नाही!" मोठी आई ओरडायची. भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू यायचं. एकदा दादाच उठून तिकडे गेले. "भाऊ, म्हण. मी सांगतो ना. म्हण, माझं."

मोठे बाबा म्हणाले, "तुझ्या तोंडावर?"

"बरं, मी बाहेर जातो."

"तू बाहेर गेलास तरी तू आहेसच ना रे."

दादा परत आले आणि पाठ टेकून बसले. आईने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "आणि आपलं काय? तीन वर्षं मी गप्प बसले ते याच्यासाठी?" दादा म्हणाले, "शेत गेलं तर कोणाचंच नाही. राहिलं तर निदान भावाचं." आई म्हणाली, "तुम्हाला बोलायला सोपं." आणि मग पदराने डोळे पुसून त्यांच्यापुढे ताट ठेवलं. मला त्या दोघांचाही इतका राग आला, आणि इतकं प्रेमही वाटलं, की मी अंगणात जाऊन उगाच शेळीला बदडलं.

हरकतीच्या दिवशी अख्खं गाव गाड्या जुंपून बुऱ्हाणपूरला गेलं. कचेरीच्या व्हरांड्यात ही गर्दी. साहेब तेच, टेबलामागे. मला पाहून ओळखीचं हसले आणि बाजूला उभं राहायला सांगितलं. पहिला पुकारा आमचा, कारण पहिलं शेत आमचं. मोठे बाबा धुतलेलं धोतर नेसून, पागोटं बांधून पुढे झाले.

"यह खेत किसका है?"

मोठ्या बाबांनी पागोटं सावरलं.

साहेबांनी परत विचारलं. मोठ्या बाबांच्या कानशिलावरून घाम गळत होता. त्यांनी छातीवर हात ठेवला, अर्ज लिहिणाऱ्याने शिकवला तसा, तोंड उघडलं, आणि म्हणाले, "साहेब, परवा आखाजी आहे..." आणि थांबले. व्हरांड्यातला गलका एकदम बसला. त्यांच्यामागे उभे असलेले सगळे, त्यांचंही तेच होणार होतं, ते खाली बघू लागले. साहेबांनी लेखणी उचलली. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात दादा गर्दीतून पुढे आले. भावाच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांच्या त्या बाजारी हिंदीत म्हणाले, "साब, ये खेत मेरे भाई का है. इसकाच है. मैं इसका सगा भाई, मैं बोलता. मेरा उसमें कुछ नहीं."

साहेब म्हणाले, "आपका कोई दावा नहीं? आगे कभी भी नहीं?"

"नहीं साब. लिखो."

रीत काय होती? निघणाऱ्याने माझं म्हणायचं नाही. पण त्याचं आहे असं दुसऱ्याने म्हणू नये, असं कोणी कधी सांगितलं नव्हतं. त्या महिन्यात शेत ज्याचं मानलं जात होतं त्यानेच ते उचलून दिलं, आणि ते देताना दादांचा हात आखडला नाही. मी बघत होते. मागच्या माणसांना ते लगेच उमगलं. पुढचा पुकारा झाला तेव्हा धाकटा भाऊ थोरल्यासाठी बोलला, त्याच्या पुढच्या वेळी पुतण्या चुलत्यासाठी. एकामागून एक, स्वतःची पाळी सोडत, त्यांनी सगळा काठ लिहवून घेतला. दुपारपर्यंत गिरणीसाठी त्यात एक बांधही उरला नाही.

साहेबांनी उठताना बजावलं, की पावसाआधी मी येऊन बघणार. ज्याचं नाव लागलंय तोच शेतात दिसला पाहिजे, नाहीतर नाव खोडीन.

घरी आलो. आनंद तर झाला होता, गावात गूळ वाटला, पण आमच्या घरी चूल उशिरा पेटली. मी दादांना फाडफाड बोलले. तुम्हाला कोणी सांगितलं होतं पुढे व्हायला, तुम्हाला आमची आठवण नाही झाली का, असं बरंच काही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तू भाऊचं तोंड नाही बघितलंस. माझ्या जागी असतीस तर तूही बोलली असतीस." मी म्हणाले, मी नसते बोलले. ते म्हणाले, "असतीस."

आखाजीच्या सकाळी मोठे बाबा आमच्या दारात येऊन उभे राहिले. नवं पागोटं, खांद्यावर मोटेचा नाडा. म्हणाले, "धाकल्या, चल. शेत घे."

दादा म्हणाले, "भाऊ, वेड लागलंय का? नाव तुझं लागलंय. साहेब बघायला येणार."

"नाव कागदावर लागलंय. मला काय त्याचं? पाळी तुझी आहे."

"साहेबाने खोडलं तर?"

"मग माझ्या हाताने मला तीन वर्षं तुझं खायला लावणार आहेस का?" मोठ्या बाबांचा आवाज फाटला. ते तिथंच पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. भिंतीपलीकडून मोठी आई आली, आमची आई बाहेर आली, झोके खेळायला निघालेल्या माझ्या चुलत बहिणी थबकल्या. शेवटी आईच म्हणाली, "घ्या हो. साहेब आला तर आला. सणाच्या दिवशी भाऊ दारात रडतो, बरं दिसतं का?" आणि दादा गेले. दोघे बांधावरून फिरले. मोठ्या बाबांनी पहिली मोट ओढून दिली. गावातल्या बाकीच्यांनीही मग काही न बोलता आपापले फेर केले.

मृगाला आठ दिवस असतील तेव्हा साहेब आले, न सांगता. दादा विहिरीच्या शेतात कंद लावत होते. मी मदतीला होते. मोठे बाबा डोक्यावर कंदांची टोपली घेऊन बांधावरून येत होते. साहेब थेट शेतात शिरले, कागद उघडला, मोठ्या बाबांचं नाव वाचलं आणि वाकून काम करणाऱ्या दादांकडे बघितलं. ते त्यांना विसरले नव्हते. "आप तो वही हैं जिन्होंने कहा था कि मेरा कुछ नहीं. तो आप यहाँ क्या कर रहे हैं?"

मोठे बाबा टोपलीसकट जागीच खिळले. काठभर सगळी शेतं तशीच होती. आमच्या शेतात खोटं उघडं पडलं की पुढच्या प्रत्येक शेतात पडणार.

दादा सरळ उभे राहिले. अंगावरची माती झटकली आणि म्हणाले, "साब, मैं इनका सालदार. आखाजी को साल पकड़ा."

सालदार. म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. दुसऱ्याच्या गोठ्यात झोपणारा, दुसऱ्याची भाकर खाणारा. माझे दादा, ज्यांनी वाईटातल्या वाईट वर्षीही कोणाच्या दारात काम मागितलं नाही, त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं, जणू नाव सांगत होते.

साहेबांचा विश्वास बसला नाही. ते माझ्याकडे वळले. "तुम पढ़ी-लिखी लड़की हो. ये तुम्हारे पिता हैं न? ये यहाँ नौकर हैं?"

मला आठवतं, माझ्या पायाखालची माती ओली होती आणि हातात एक कंद होता. मी दादांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला ते बोलता आलं नसतं. मी साहेबांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "जी. मेरे पिताजी इनके सालदार हैं."

साहेबांनी एकदा मोठ्या बाबांच्या डोक्यावरच्या टोपलीकडे बघितलं. त्यांना कळलं असावं, असं मला नेहमी वाटत आलंय, पण नक्की सांगता येत नाही. त्यांनी कागदावर खूण केली आणि पुढच्या शेताकडे गेले. तिथंही एक सालदार निघाला, आणि त्याच्या पुढेही. त्या वर्षी आमच्या गावात जितके धाकटे भाऊ होते तितके सगळे सालदार झाले. गिरणी पुढे दुसरीकडे कुठेतरी गेली, आणि फेर मात्र चालू राहिला. मी शाळा पुरी केली, मास्तरीण झाले.

पण त्या दिवशी, साहेब दिसेनासे झाल्यावर मोठ्या बाबांनी टोपली खाली ठेवली. ते दादांपर्यंत आले, आणि थोरल्या भावाने धाकट्याच्या पायांना हात लावायचा नसतो हे विसरून खाली वाकले. दादांनी त्यांना मधेच धरलं. "अरे अरे, भाऊ, काय करतोस, पोरगी बघतेय." पोरगी बघत नव्हती. पोरगी मातीत बसून ओक्साबोक्शी रडत होती आणि दादांना म्हणत होती, मी असं का म्हणाले, मला माफ करा. दादा माझ्याजवळ आले, चिखलाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "माझी बाई आज माझ्यासाठी खोटं बोलली. माझ्याइतका श्रीमंत सालदार ह्या काठावर दुसरा नाही."